अंड्याचे लेखाशीर्ष

सरकारी खर्चाला कात्री लागली, हे आपल्याकडे सहसा कुणी कबूल करत नाही. पंचायत समितीच्या शिक्षण विभागात हिशेब सांभाळण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्या सगळ्या काळात कात्री उघड कबूल करणारा एकच कागद टेबलावर आल्याचे आठवते, तो ४ मे २०२० चा वित्त विभागाचा निर्णय. त्या वर्षी तरतुदीच्या फक्त ३३ टक्के निधी मिळेल आणि नवी भरती बंद. कोरोना होता, कुणी तक्रार केली नाही. बाकीच्या कपाती बिनकागदाच्या. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात तरतूद शंभराची असते, निधी वाटपाच्या बीडीएस प्रणालीवर साठ दिसतात, आणि तेही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, जेव्हा कोषागारात रात्री दिवे जळत असतात आणि केंद्रप्रमुख पावत्यांच्या मागे धावत असतात. खर्ची पडले नाहीत की निधी समर्पित, म्हणजे सरकारला परत. पुढच्या वर्षी वरून विचारणा येते, गेल्या साली तुम्हाला लागलेच नाहीत, मग यंदा कशाला हवेत?

निवृत्तीनंतर मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडला घरी आलो. आता तोच हिशेब दुसऱ्या टोकाकडून बघतो आहे. आमच्या वाडीजवळच्या प्राथमिक शाळेचे नाव लिहीत नाही, उगाच तिथल्या मुख्याध्यापिका बाईंना नोटीस नको. पट विसाच्या आतबाहेर. मुले बहुतेक मासेमारी करणाऱ्या खारव्यांची आणि दालद्यांची, दोन-तीन बंदरावर काम करायला आलेल्या परप्रांतीयांची. त्या शाळेच्या स्वयंपाकघरात जे दिसते ते सांगतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने ठरवले की पोषण आहारात आठवड्यातून एकदा मुलांना अंडे द्यायचे, न खाणाऱ्यांना केळे. एका अंड्याला पाच रुपये धरले. चांगला निर्णय होता, आणि चांगल्याला चांगले म्हणायला माझी हरकत नाही. २८ जानेवारी २०२५ ला दुसरा शासन निर्णय आला. अंडा पुलाव, गोड खिचडी, नाचणी सत्त्व हे पदार्थ आता ऐच्छिक, त्यांच्यासाठी वेगळा निधी नाही. द्यायचेच असतील तर शाळेने लोकसहभागातून द्यावेत. अंडे बंद केले, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. फक्त अंड्याला लेखाशीर्ष उरले नाही.

शहरातल्या वाचकाला वाटेल, कोकणात मासे खाणाऱ्या मुलांना अंड्याचे काय एवढे! जून आणि जुलै बघायला या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या, खलाशी आपापल्या गावी गेलेले. घरात सुके सोडे, सुकट आणि दुकानातली उधारी. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. म्हणजे शाळेचा पहिला दीड महिना आणि घरातला सर्वांत कडकीचा दीड महिना नेमका एकच. त्या दिवसांत अंडे म्हणजे मुलाच्या ताटातले चैनीचे काही नव्हते.

खिचडी शिजवणाऱ्या मावशींना महिन्याला मानधन अडीच हजार. त्यांनी मला सांगितले, "भाऊ, अंड्याच्या दिवशी पट पुरा असायचा. आता पोरां विचारतात, मावशी, आज काय? मी सांगते, तुमचा काल व्हता तोच." तांदूळ, डाळ, तेल, मसाला ठेकेदाराकडून येतात. पण भाजी आणि गॅस शाळेने आधी घ्यायचा आणि पैसे मागून यायचे. मागून म्हणजे कधी, ते विचारायचे नाही. नाक्यावरच्या दुकानात बाईंच्या नावाची वही आहे. ती मी उघडून पाहिली आहे, जुनी खोड. कोबी, बटाटा, कोथिंबीर, पुन्हा बटाटा. खाली बाईंच्या पगारातून दिलेल्या रकमा. सरकार मुलांना जेवू घालते असे आपण म्हणतो. आमच्याकडे महिनोन् महिने एक मुख्याध्यापिका आणि एक वाणी मिळून सरकारला उधार देत असतात, तेही बिनव्याजी.

अंड्यांचा वर्षाचा खर्च ५० कोटींच्या आसपास होता, असे तेव्हाच्या बातम्यांत होते. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा. म्हणजे चौदा हजार रुपयांतला एक रुपया. एवढ्याने तिजोरी सावरते, हे मला पटत नाही. तिजोरीला भोक मोठे आहे हे खरे. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी दाखवली आणि कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असे सांगितले. 'लाडकी बहीण' योजनेसाठी ३६,००० कोटी. मे २०२५ मध्ये त्या योजनेसाठी सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचे पैसे वळवले, तेव्हा एका मंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली.

लाडक्या बहिणीवर तोंडसुख घेणाऱ्यांतला मी नाही. माझ्या शेजारणीला ते पंधराशे मिळतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावावर आलेले पैसे आहेत ते. पण ती ते कुठे घालते? वाडीतल्या शाळेत शिक्षक टिकत नाहीत म्हणून तिने धाकट्याला लांबच्या इंग्रजी शाळेत घातले. पंधराशेतले बाराशे रिक्षावाल्याला जातात. फी वेगळी. शाळा नीट चालली असती तर ते पंधराशे खरोखर तिचे झाले असते.

शिक्षकांचे म्हणाल, तर २०२३ च्या उन्हाळ्यात आंतरजिल्हा बदल्यांत आमच्या जिल्ह्यातून शेकड्यांनी शिक्षक एकदम बाहेर गेले. गेले त्यांना दोष देत नाही. घाटावरचा माणूस इथे वर्षानुवर्षे आईबाप सोडून राहिलेला असतो. पण जाणाऱ्याच्या जागी येणारा हवा ना? जुलै २०२३ मध्ये शासनाने तोड काढली, निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० वर पुन्हा वर्गावर घ्या. वयाची अट सत्तरपर्यंत. इकडे कोकणातली डीएड झालेली तरुण पोरे आम्हाला घ्या म्हणून मोर्चे काढत होती. वित्त विभागाच्या नजरेने बघा म्हणजे कोडे सुटते. कायम शिक्षकाला वेतन आयोग, रजा, महागाई भत्ता. मानधनावरच्याला यातले काहीच नाही. शिक्षणसेवक २००० सालापासून याच हिशेबावर चालले आहेत. सुरुवातीला महिना ३,०००. जानेवारी २०२३ मध्ये प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे १६,००० झाले, तोवर वर्षानुवर्षे ६,००० वर काम चालले.

शिपायाचेही तेच. ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने खासगी अनुदानित शाळांत शिपायाचे पद रिकामे झाले की ते संपवायचे आणि त्याऐवजी भत्ता द्यायचा, असे ठरले. ग्रामीण भागात एका पदामागे महिना ५,०००. एवढ्या पैशात घंटा, झाडलोट, टपाल, प्रयोगशाळा आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची सफाई.

आणि संचमान्यता, म्हणजे पट बघून शाळेला शिक्षकांची पदे ठरवून देणे. १५ मार्च २०२४ च्या निकषांप्रमाणे सहावी ते आठवीचा पट विसापेक्षा कमी असेल, तर त्या वर्गांना शिक्षक शून्य. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला पट साठपर्यंत असला तरी दोन शिक्षक द्या म्हणतो. वरच्या वर्गांना हे शून्य कुठून आले ते मला, इतकी वर्षे आकडेमोड करूनही, कळलेले नाही. शिक्षक नाही म्हणून पालक मूल काढतात, मूल गेले म्हणून पट घसरतो, पट घसरला म्हणून शिक्षक जातो. मग आसपासच्या छोट्या शाळा मिळून एक समूह शाळा करायचा आणि आपली शाळा तीत विलीन करायचा प्रस्ताव येतो. २०२३ मध्ये राज्यात विसाहून कमी पटाच्या शाळा १४,७८३ मोजल्या होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुले होती. समूह शाळा सपाटीवर कदाचित चालेल. इथे दोन वाड्यांमध्ये खाडी असते, नाहीतर पऱ्ह्या, नाहीतर चढ. मुरुडचे अण्णासाहेब कर्वे परीक्षेसाठी चालत साताऱ्याला गेले, ही गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. कौतुक सतरा-अठरा वर्षांच्या कर्व्यांचे. सात वर्षांच्या पोरीला आषाढात डोंगर उतरायला लावण्याचे नव्हे.

जयगडला हे सगळे जास्तच खुपते. इथे काही नाही, असे कुणी म्हणू शकत नाही. किल्ल्याखालच्या समुद्रात कोळशाची जहाजे उभी असतात, बंदर आहे, १२०० मेगावॅटचा वीज प्रकल्प आहे. बाहेरचा माणूस विचारतो, एवढ्या कंपन्या असताना तुम्हाला कसली चणचण? सप्टेंबर २०२३ च्या दत्तक शाळा योजनेमागे हाच विचार होता. देणगीदाराने शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची, ग्रामपंचायत हद्दीत पाच वर्षांना ५० लाख आणि दहा वर्षांना एक कोटी मोजायचे. हवे तर शाळेच्या नावाला आपले नाव जोडायचे. कंपनीने वर्ग रंगवले, संगणक दिले, तर आनंदच आहे. पण मदत ही मर्जीची गोष्ट. सहाव्या वर्षी मर्जी फिरली तर दाद कुठे मागायची? कंपनीच्या फाटकावर आमचे मत चालत नाही.

१२ डिसेंबर २०२४ ला इथे वायुगळती झाली. जयगडच्या माध्यमिक शाळेतल्या मुलांचे डोळे चुरचुरू लागले, श्वास कोंडला. मुलांना पंचेचाळीसेक किलोमीटरवर रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे लागले. कारण काय, जबाबदार कोण, ते चौकशा बघतील. मला त्यातून एवढेच दिसले की वेळ आली तेव्हा गावाने सरकारी दवाखान्याचाच रस्ता धरला. तिथली रिकामी पदे हा मग कागदावरचा आकडा राहत नाही.

राहिला लोकसहभाग. तो आम्हाला कुणी शिकवू नये. कोकणातल्या कित्येक शाळांची कौले, बाके, भिंतीवरचे घड्याळ मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांच्या वर्गणीतून आले. गिरणीत खपणाऱ्या माणसाने परळच्या खोलीतून गावच्या शाळेला पैसे पाठवले, सरकारची वाट बघत बसला नाही. पण ती वर्गणी सरकारच्या पैशावर भर म्हणून होती. आता त्याच्या नातवाकडे, जो कुठेतरी नालासोपाऱ्याला कंत्राटी नोकरी करतो, पोरांच्या अंड्याचे पैसे मागायचे, हे मला शोभत नाही. मी स्वतः दोन महिने अंडी दिली आणि थांबलो. पैशापायी नाही. माझी पावती फाईलला लागली की 'लोकसहभागातून योजना सुरळीत' असा अहवाल वर जाणार, हे मला चांगले माहीत आहे. तसले अहवाल मीच लिहिलेले आहेत.

हे विचारायचे कुणाला, हाही प्रश्न होता. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकांचा कारभार चालला. गटातला सदस्य नाही, सभा नाही, प्रश्नोत्तर नाही. कात्री चालवायला याहून सोयीचा काळ कुठला?

म्हणून माझी विनंती साधी आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या ग्रामसभांपैकी जी पुढे येईल तिला जा. मुख्याध्यापकांना घेरू नका, त्यांच्या हातात काही नसते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला इतिवृत्तात चार प्रश्न लिहायला लावा. आपल्या शाळेला मंजूर पदे किती, भरलेली किती? शाळा अनुदान मंजूर किती, आले किती, कोणत्या तारखेला? इंधन-भाजीपाल्याचे पैसे कोणत्या महिन्यापर्यंतचे मिळाले? अंड्यासाठी निधी पुन्हा कधी देणार? ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि आमदारांना पाठवा, आणि पोच घ्या. पोच घ्यायला विसरू नका. तिच्याशिवाय कागद कुठे गेला ते कुणालाच सापडत नाही.