उन्हाचा इशारा आणि आपले घर

पूर आला की घरे वाहून जातात, भूकंप झाला की भिंतींना तडे जातात. नुकसान डोळ्यांना दिसते, म्हणून लगेच धावपळ होते. उष्णतेची लाट मात्र घराचे एक कौलही हलवत नाही. ती पत्र्याच्या खोलीतल्या आजीला गाठते, सिमेंटची पाटी वाहणाऱ्या मजुराला गाठते, आणि मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा दुसऱ्याच आजाराचे नाव लिहिले जाते. त्यामुळे ‘ऊन लागले’ यात आपल्याला आपत्ती दिसतच नाही.

अहमदाबादला ती दिसली आकड्यांतून. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात ४,४६२ मृत्यूंची नोंद झाली. २००९ आणि २०११ या वर्षांतल्या मे महिन्यांची सरासरी होती ३,११८. म्हणजे एकाच महिन्यात १,३४४ माणसे जास्त गेली!

यातून बोध घेऊन महापालिकेने गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या आणि इतर तज्ज्ञांच्या मदतीने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती योजना तयार केली. अंदाज ४१ अंशांच्या वर गेला की पिवळा इशारा, ४३ च्या वर नारिंगी आणि ४५ ला लाल. इशारा निघाला की पाण्याची सोय वाढवायची, दवाखाने सज्ज ठेवायचे, मजुरांपर्यंत सूचना पोहोचवायच्या, असे प्रत्येक खात्याचे काम ठरले. पालिकेच्या एका रुग्णालयात तर नवजात बालकांचा विभाग तापणाऱ्या वरच्या मजल्यावरून खाली आणण्यात आला. पुढे नागपूर व इतर अनेक शहरांनीही अशा योजना आखल्या.

पण कोणतीही पालिका आपल्या स्वयंपाकघरात येऊन कोणाला पाणी पाजणार नाही. योजनेचा तो भाग आपल्यालाच पार पाडायचा आहे.

इशारा कळताच

बाजारहाट, बँक, टपाल ही कामे सकाळी अकराच्या आत उरका. दुपारी बारा ते तीन शक्यतो बाहेर पडू नका. उन्हाच्या बाजूच्या खिडक्यांना दिवसा जाड पडदे लावा आणि रात्री खिडक्या उघडून गारवा आत घ्या. पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत राहत असाल, तर उन्हाळ्यापूर्वी छताला पांढऱ्या चुन्याचा हात द्या. अहमदाबादेत गरीब वस्त्यांतून हाच स्वस्त उपाय करण्यात आला आहे.

तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्या. ताक, कैरीचे पन्हे, लिंबू सरबत हे आपले जुने उपाय उत्तमच, कारण त्यांत पाण्याबरोबर मीठही पोटात जाते. फार घाम गेला असेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे प्यावे. रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पाणी, मीठ, साखर व गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचे पाणी देऊ नये. त्याला अंगावर जास्त वेळा पाजावे.

कोणाकडे लक्ष हवे?

वय वाढते तशी तहानेची जाणीव कमी होते. म्हणून आजी-आजोबा ‘मला नको’ म्हणाले, तरी त्यांच्या हाती पेला द्या. शेजारी कोणी एकटे वृद्ध राहत असतील, तर दिवसातून दोनदा दार वाजवा. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंना, सोसायटीच्या रखवालदाराला भर दुपारी काम सांगू नका. त्यांच्यासाठी दाराशी पाण्याचा माठ भरून ठेवा. इशाऱ्याचा कागद त्यांच्यापर्यंत पोहोचला नसेल, तर त्यातला मजकूर त्यांना सांगणे हेही आपलेच काम आहे.

ही लक्षणे ओळखा

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, पायात गोळे येणे ही पहिली सूचना समजा. सावलीत बसवून पाणी द्या. पण अंग चटका बसण्याइतके तापले, माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी तात्काळ १०८ किंवा ११२ ला फोन करा. मदत येईपर्यंत रोग्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी टाका आणि सतत वारा घाला. मान, काखा व जांघेत गार ओल्या घड्या ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापाची गोळी देऊनही हा ताप उतरत नाही. ती देण्यात वेळ घालवू नका, कारण येथे मिनिटामिनिटाला महत्त्व आहे.

आज एक छोटेसे काम करा. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रुग्णवाहिकेचा आणि आपल्या डॉक्टरांचा क्रमांक ठळक लिहा. त्याखाली दोन नावे लिहा. लाल इशाऱ्याच्या दिवशी घरात कोणाकडे लक्ष द्यायचे आणि घराबाहेर कोणाची चौकशी करायची. दुसरे नाव लिहिताना हात थांबला, तर एकदा शेजारी नजर टाका.