जॉर्ज स्टिनीच्या देहदंडाबद्दल राज्याने जाहीर माफी मागावी

प्रति,
मा. गव्हर्नर,
साउथ कॅरोलायना राज्य, कोलंबिया

विषय : 14 वर्षांच्या जॉर्ज स्टिनी ज्युनियरला 1944 साली दिलेल्या देहदंडाबाबत.

महोदय,

आम्ही अमेरिकेत स्थायिक झालेले मराठी भाषक हे निवेदन सादर करत आहोत.

मार्च 1944 मध्ये आल्कोलू या लाकूड गिरणीच्या गावात बेटी जून बिनिकर आणि मेरी एमा टेम्स या दोन लहान गोऱ्या मुलींचा निर्घृण खून झाला. पोलिसांनी जॉर्ज या कृष्णवर्णीय मुलाला पकडले. चौकशीच्या वेळी त्याच्याजवळ ना आईवडील होते, ना वकील. त्याने गुन्हा कबूल केला असे पोलिसांनी सांगितले. त्याच्या सहीचा कबुलीजबाब मात्र कुठेही नाही. वडिलांची गिरणीतली नोकरी गेली, जिवाच्या भीतीने कुटुंबाला गाव सोडावे लागले आणि मुलगा तुरुंगात एकटा पडला.

24 एप्रिलला मॅनिंग येथे खटला उभा राहिला आणि त्याच दिवशी संपला. बचावाच्या वकिलाने एकही साक्षीदार आणला नाही. ज्यूरीतील सर्व गोऱ्या पुरुषांना निर्णयासाठी 10 मिनिटे पुरली. अपीलही झाले नाही. दयेच्या विनंत्या तत्कालीन गव्हर्नर ऑलिन जॉन्स्टन यांनी नाकारल्या. म्हणूनच आम्ही आपल्या पदाकडे आलो आहोत. 16 जूनला जेमतेम 43 किलो वजनाच्या या मुलाला विजेच्या खुर्चीत मारण्यात आले. खुर्ची प्रौढांच्या मापाची होती, तिचे पट्टेही त्याला नीट बसत नव्हते.

17 डिसेंबर 2014 रोजी न्यायाधीश कारमेन मलेन यांनी त्याची शिक्षा रद्द केली. जॉर्जच्या भावंडांनी म्हातारपणी साक्ष दिली, त्याचे हे फळ. परंतु तो निकाल खटल्यातील अन्यायापुरता आहे. जॉर्ज निर्दोष होता असे त्यात म्हटलेले नाही. ते राज्याने म्हणावे, एवढीच आमची मुख्य मागणी आहे. आपण आणि विधिमंडळाने मॅनिंग येथे, नातेवाइकांच्या उपस्थितीत, जॉर्जच्या नावाने जाहीर माफी मागावी व कुटुंबाला भरपाई द्यावी. प्रकरणाची उरलीसुरली कागदपत्रे अभ्यासकांना खुली करावीत, कारण घाईच्या त्या खटल्याने बेटी आणि मेरी यांनाही न्याय दिला नाही. 2021 च्या कायद्याने विजेची खुर्ची पुन्हा देहदंडाची मुख्य पद्धत ठरवली गेली. ती कायद्यातून कायमची काढून टाकावी.

जॉर्जला ओळखणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांच्या हयातीतच हा निर्णय व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपले विश्वासू,
अमेरिकेतील मराठी भाषक रहिवासी