तिजोरी रिकामी आणि तगादा आपल्या पोरांना

तिजोरीत पैसा नाही, हे वाक्य महाराष्ट्रातला विद्यार्थी चाळीस वर्षे ऐकतो आहे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले, तेव्हा हेच कारण होते. साखरसम्राट शिक्षणसम्राट झाले. १९९१ नंतर खाउजा धोरण आले आणि सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घेणे ही 'सुधारणा' ठरली. सरकारी जागा वाढल्या नाहीत, म्हणून आपली मुले खाजगी महाविद्यालयांकडे वळली. त्यांची फी भरण्याचा एकच आधार उरला, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती.

ही शिष्यवृत्ती कोणाची मेहेरबानी नाही. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी, विशेषतः शास्त्र व तंत्रशिक्षणासाठी, पैसा मागितला होता. १९४४ साली योजना सुरू झाली तेव्हा ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याआधी १९२७ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी सरकारला सुनावले होते की, शिक्षण खाते हे जेवढे दिले तेवढे वसूल करण्याचे खाते नव्हे.

आता या योजनेच्या पैशाचे गणित पाहू. 'बांधील दायित्व' हा शब्द आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करावा. पंचवार्षिक योजनेच्या शेवटच्या वर्षी शिष्यवृत्तीची जेवढी मागणी असेल, तेवढा भार पुढची पाच वर्षे राज्याने उचलायचा आणि केंद्राने फक्त त्यावरचे द्यायचे, अशी ही पद्धत होती. २०१७ साली बारावी योजना संपली आणि जवळजवळ सगळे ओझे राज्यांवर आले. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात सबंध देशासाठी केंद्राची मदत वर्षाला सुमारे ११०० कोटी रुपयांवर आली होती. पंजाबात थकबाकीपायी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या पदव्या अडवल्या.

ओरड झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६०:४० चे सूत्र मान्य केले. पाच वर्षांसाठी एकूण ५९,०४८ कोटी, त्यातले केंद्राचे ३५,५३४ कोटी. हा बदल चांगला होता, हे मान्य केले पाहिजे. पण मेख अंमलबजावणीत आहे. राज्याने आपला ४० टक्के वाटा दिल्याशिवाय केंद्राचे ६० टक्के सुटत नाहीत. सुटले की थेट विद्यार्थ्याच्या खात्यात पडतात आणि त्याने ते सात दिवसांत महाविद्यालयात भरायचे. म्हणजे राज्याने उशीर केला तर केंद्राचाही पैसा अडकतो आणि संस्थेच्या वहीत थकबाकीदार म्हणून नाव चढते ते मुलाचे! कर्ज सरकारचे, तगादा विद्यार्थ्याला.

उत्पन्नाची मर्यादाही अशीच. २०१३ साली ती अडीच लाख झाली. २०२१ च्या नियमावलीतही आकडा तोच. महागाई भत्ता वाढला की महापालिकेतला कायम सफाई कामगारही 'श्रीमंत' होतो. त्याच्या मुलाला फ्रीशिपमध्ये फी मिळते, निर्वाह भत्ता मात्र जातो. आणि पुण्यात-औरंगाबादेत खोली करून राहणाऱ्या पोराचे शिक्षण अडते ते बहुधा जेवणखाणाच्या खर्चावरच.

राज्याकडे खरोखरच पैसा नाही काय? मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे जरूर द्या, पण त्यांच्याच मुलामुलींच्या शिष्यवृत्तीच्या खात्यातून कशाला?

सरकारी वकील अशा वेळी 'आर्थिक क्षमता' पुढे करतात. हा शब्द संविधानात आहे, कलम ४१ मध्ये. शिक्षणाचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत द्यावा, असे तिथे म्हटले आहे. १९९३ च्या उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांवरील शिक्षणाला हीच मर्यादा लावली. पण कलम ४६ उघडून पाहा. अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हित विशेष काळजीने जपावे, एवढेच तिथे आहे. क्षमतेची अट नाही. ही मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयातून थेट बजावता येत नाहीत, हे खरे. तरी सरकारने स्वतः योजना जाहीर केली, अर्ज मंजूर केला आणि पैसा दिला नाही, तर तो मनमानीचा, म्हणजे कलम १४ चा प्रश्न होतो. कलम ४६ तिथे आपल्या बाजूने बोलते.

कोर्टात जाण्याआधी कागद हवेत. प्रवेशाच्या वेळी घेतलेली मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला संस्थेला अडकवून ठेवता येत नाही, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे. संस्था नकार देत असेल तर तो लेखी मागा. मग सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि तीनच तारखा विचारा: महाडीबीटीवर अर्ज मंजूर कधी झाला, राज्याचा वाटा कधी सुटला, केंद्राला कधी कळवले. एकेका महाविद्यालयातल्या वीस-पंचवीस मुलांनी एकत्र अर्ज टाकावेत.