लाख आमची, आवाज कुणाचा?

हॉस्टेलला आल्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या पाठी लागला आहे. "गाव कोणतं रे?" मी सांगतो, लाखांदूर. मग समोरचा हमखास म्हणतो, "लातूर?" नाही रे बाबा, लाखांदूर! जिल्हा भंडारा. साकोलीच्या पुढे, वडसाच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांतलं तालुक्याचं गाव. चार वर्षं हे सांगून जीभ झिजली. असो. आज त्याच गावाच्या निमित्ताने एक गोष्ट सांगायची आहे आणि थोडं भांडायचंही आहे. भांडण तुमच्याशी आहे, सरांशी आहे आणि खरं तर स्वतःशीच आहे.

फायनल इयर प्रोजेक्टला आम्ही चौघांनी विषय दिला, 'घरच्या घरी ग्रामोफोन रेकॉर्ड कापण्याचे यंत्र'. पॅनेलसमोर दोन मिनिटं शांतता! मग एका सरांनी हसत विचारलं, "अरे, खिशात फोन आहे ना? याचा उपयोग काय?" कट्ट्यावरच्या मित्रांनी तर आमचं नाव 'म्युझियम ग्रुप' ठेवून टाकलं. मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण वायव्हात भांडायचं नसतं. उत्तर इथे देतो.

आधी थोडा इतिहास. आपल्या देशात रेकॉर्ड ध्वनिमुद्रित करायला फ्रेडरिक गाइसबर्ग नावाचा तंत्रज्ञ 1902 साली कलकत्त्याला आला. गौहर जान यांचं गाणं त्याने तेव्हाच मुद्रित केलं. ते मेणाचे मूळ ठसे गेले जर्मनीत हॅनोव्हरला, तिथे रेकॉर्ड छापल्या गेल्या आणि विकायला पुन्हा इकडे आल्या. कारखाना कलकत्त्यात आला तो 1908 साली. आता गंमत बघा. त्या जुन्या 78 आरपीएमच्या रेकॉर्ड कशाच्या बनत? प्लॅस्टिकच्या नव्हे, लाखेच्या! लाख, दगडाची भुकटी, काजळी आणि थोडे सुती तंतू. जगाला लाख पुरवणाऱ्यांत आपला देश सर्वांत पुढे होता. दुसऱ्या महायुद्धात जहाजांची वाहतूक अडली, तेव्हा 1942 साली अमेरिकेच्या सरकारला रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेवर निर्बंध आणावे लागले होते.

ही लाख येते कुठून? पळस, कुसुम, बोर या झाडांवर बसणाऱ्या इवल्याशा किड्यापासून. म्हणजे आमच्याकडच्या झाडांवरून. गोंदियाला लाखेचे कारखाने होते. माझा आजा सांगायचा की त्याच्या लहानपणी लोक पळसाच्या फांद्यांवरची लाख खरवडून बाजारात नेत.

तेव्हा हिशोब असा. लाख झाडीपट्टीची. त्या लाखेवर आवाज मात्र कलकत्त्याचा, मुंबईचा, फार तर पुण्याचा. आमची दंडार, आमची खडी गंमत, आमच्या रोवण्याच्या गाण्यांच्या वाट्याला त्या तबकड्यांवर जवळजवळ काहीच आलं नाही. कुणी मुद्दाम वाईटपणा केला असं मी म्हणत नाही. पण आवाज कोरणारी सुई ज्याच्या हातात, कोणता आवाज कोरायचा हे तोच ठरवणार ना? कंपनीला माल विकायचा होता. शिवाय एका बाजूला बसणार सव्वातीन मिनिटं आणि दंडार चालणार रात्रभर. कसा मेळ बसणार?

अपवाद होते, नाही असं नाही. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता नागपूरचे वकील गो. ना. जोशी यांनी गायली, तिची रेकॉर्ड निघाली आणि मराठी भावगीताची वाट तिथून रुंद झाली. म्हणजे विदर्भाचा आवाज चालत नव्हता असं नाही! मुंबईत 1935 ते 1955 या काळात 'यंग इंडिया' नावाने रेकॉर्ड काढणारी देशी कंपनी होती. तिने कितीतरी नवख्या, हौशी गायकांना संधी दिली. पण मुंबईपर्यंत पोचायला हवं ना! आमच्या आजाला नागपूरसुद्धा परदेश वाटायचं.

आता यंत्राकडे वळू, कारण मॅकेनिकलवाले जांभया द्यायला लागले असतील.

रेकॉर्ड कापणारा कटिंग हेड म्हणजे उलटा चालणारा पिकअप. पिकअपमध्ये सुई हलते आणि वीज निर्माण होते. इथे अॅम्प्लिफायरमधून कॉइलमध्ये वीज जाते, चुंबकाच्या क्षेत्रातला लोखंडी आर्मेचर हलतो आणि त्याच्या टोकाची सुई फिरत्या तबकडीत डावी-उजवीकडे डोलत खाच पाडते. हेड कडेकडून मध्याकडे सरकवायला लागतो लीड स्क्रू. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये लेथवर जो बघून आपण कंटाळलो होतो, तोच! 1930 च्या दशकात अमेरिकेत अॅल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेल्या कोऱ्या तबकड्या निघाल्या. त्यांना म्हणतात लॅकर. हा शब्दसुद्धा आपल्या लाखेवरूनच गेलेला! त्या काळात रेडिओ केंद्रांत आणि हौशी लोकांच्या घरांतही अशी यंत्रं आली. आज परदेशात बरेच हौशी लोक 1940 च्या सुमाराचे ते जुने मोनो हेड शोधून, दुरुस्त करून पुन्हा रेकॉर्ड कापतात.

तसलाच एक हेड आम्हाला नागपूरच्या एका संग्राहक काकांनी उसना दिला. कुठल्या तरी बंद पडलेल्या स्टुडिओच्या भंगारातून तो त्यांच्याकडे आला होता. कॉइल शाबूत निघाली, हे नशीब. पण आर्मेचरला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारं रबर वाळून दगड झालं होतं. हे रबर म्हणजे हेडचा प्राण. ते नसेल तर आर्मेचर आपल्या नैसर्गिक कंपनसंख्येला बेभान होतो आणि 'स' म्हटलं की शिट्टी वाजते. व्हायब्रेशनच्या पेपरात डॅम्पिंगची गणितं मी तीनदा सोडवली होती (एकदा बॅकलॉगमुळे), पण डॅम्पिंग म्हणजे काय ते त्या दिवशी कानाने कळलं. सायकलच्या ट्यूबचं रबर लावून पाहिलं, शिट्टी तशीच. शेवटी मऊ सिलिकॉन बसवलं, तेव्हा कुठे आवाज माणसात आला.

तीच गोष्ट फिल्टरची. खालच्या सुरांना सुई फार मोठे झोके घेते आणि शेजारच्या खाचेत घुसते. म्हणून कापताना खालचे सूर दाबायचे, वरचे उचलायचे आणि वाजवताना बरोबर उलट करायचं. 1954 साली अमेरिकेच्या रेकॉर्ड उद्योगाने यासाठी जे प्रमाण ठरवलं, त्यातले 3180, 318 आणि 75 मायक्रोसेकंद हे तीन आकडे आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. आता ते जन्मात विसरणार नाही. सर, याचा उपयोग काय, तर निदान एवढा तरी!

कोरी लॅकर तबकडी आम्हाला परवडण्यातली नव्हती. कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना फेब्रुवारी 2020 मध्ये जळाला, तेव्हापासून तर ती आणखीच दुर्मिळ झाली. मग आम्ही रशियाची युक्ती उचलली. दुसऱ्या महायुद्धानंतर लेनिनग्राडमध्ये बंदी घातलेली गाणी लोक दवाखान्यांतल्या जुन्या एक्स-रे फिल्मवर कोरून चोरून विकत. रुस्लान बोगोस्लोव्हस्की नावाच्या तरुणाने तर दुसऱ्याचं यंत्र बघून स्वतःचं यंत्र बनवलं होतं. त्यापायी त्याला तुरुंगवासही झाला. आपल्याकडे एक्स-रेला काय तोटा? घरोघरी कपाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीत कुणाचा तरी गुडघा, कुणाची तरी छाती पडलेली असतेच. दहा बाय बाराच्या फिल्ममधून दहा इंची चकती नीट निघते. इंचाला 96 खाचा धरल्या, तर पावणेतीन इंचाच्या पट्ट्यात 264 फेरे बसतात. मिनिटाला 78 फेरे, म्हणजे जेमतेम सव्वातीन मिनिटं.

आता मूळ मुद्दा. माझा आजा दंडारीत गायचा. कोरोनाच्या आधीच्या दिवाळीत मंडईच्या रात्री त्याचं गाणं मी फोनवर दोन तास रेकॉर्ड केलं. "मले का कराचा हाय बाबू, मी गेल्यावर तू ऐकजो," असं तो हसत म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यात आजा गेला. त्याआधीच मी नवीन फोनच्या आनंदात जुना फोन रिकामा करून विकून टाकला होता. ते दोन तास मी एकदाही ऐकले नव्हते. दोष फोनचा नाही, माझाच. फुकट मिळालेली साठवण आपण सांभाळत नाही, एवढंच त्यातून शिकलो. आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत. त्यातले किती पुन्हा उघडून बघितले? खरं सांगा!

यंदा दिवाळीला आजीला म्हटलं, तुझं गाणं कोरायचं आहे, पण सव्वातीन मिनिटंच आहेत आणि चुकलं तर खोडता येणार नाही. वाटलं होतं, एखादं देवाचं गाणं लगेच म्हणेल. तिने दोन दिवस घेतले! भांडी घासताना, धान वाळवताना पुटपुटायची, मध्येच मान हलवून नाही म्हणायची. शेवटी तिने निवडलं ते रोवण्याचं गाणं. चिखलात वाकून धान रोवताना बायका म्हणतात ते, तिच्या आईकडून आलेलं. मी कधी ऐकलंच नव्हतं. फोनवर दोन तास मागितले असते, तर ते गाणं आलं असतं का? मला शंका आहे. जागा थोडी असली की माणूस आत शोधतो.

रेकॉर्ड वाजवली तेव्हा कौलांवर पाऊस पडावा तसा आवाज आणि त्यामागून आजी. प्रोजेक्ट म्हणून दर्जा सामान्यच. आजीने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "माहा आवाज इतका म्हातारा हाय का?" मग म्हणाली, "आखीन एकदा लाव." तबकडीवर आमच्या मोठ्या आईच्या मोडलेल्या हाताचा एक्स-रे होता, त्याच हाताने तिने आयुष्यभर रोवणे केले. हे मी ठरवून केलं नव्हतं, घरात तेवढीच फिल्म होती.

आक्षेप मला ठाऊक आहेत. रेकॉर्डही अमर नसते. मान्य. लॅकरचा थर वर्षांनी आक्रसतो, तडकतो. एक्स-रेवरची खाच तर थोड्या वाजवण्यांतच झिजते. म्हणून आजीच्या गाण्याच्या डिजिटल प्रती मी तीन ठिकाणी ठेवल्या आहेत (शहाणपण उशिरा येतं). आणि नायट्रोसेल्युलोजचा कापलेला धागा झटकन पेट घेतो, तेव्हा लॅकरवर कुणी काम केलंच तर काडेपेटी लांब ठेवा. प्लेसमेंटला याचा काय उपयोग, असंही विचाराल. कदाचित काहीच नाही. पण झाडीपट्टी रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागाकडे बाहेरच्यांचं लक्ष गेलं. ते जाईपर्यंत वाट बघणारे आणि तोवर आपला आवाज फेकून देणारे आपणच होतो ना?

तर मागणी साधी आहे. प्रोजेक्ट संपला की आमचं यंत्र डिपार्टमेंटच्या कपाटात कुलपात जाऊ नये. हेड काकांना परत करायचाच आहे, पण त्याच्या मोजमापावरून दुसरा हेड आपल्याच वर्कशॉपमध्ये बनू शकतो. ज्युनियर्सनी तो बनवावा, सरांनी वर्कशॉपचा एक कोपरा द्यावा. आणि हॉस्टेलमधल्या प्रत्येकाने पुढच्या सुटीत घरून दोन वस्तू आणाव्यात. कपाटावरचा एक जुना एक्स-रे आणि घरातल्या कुणाची तरी सव्वातीन मिनिटं. मेळघाटची, कोकणची, मराठवाड्याची, कुठलीही.

सुई आता आपल्या हातात आहे. कोणता आवाज कोरायचा ते कलकत्ता किंवा मुंबई ठरवणार नाही. बघा, पटतंय का! आणि हो, तोवर ज्यांच्या घरी कुणी गाणारं आहे, त्यांनी आज रात्री मेसनंतर एक फोन लावा. बॅकअपसकट!

— अंतिम वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकॉम