मुद्देमालाची खतावणी

अल्प भांडवलात चित्रपट काढावयाचा म्हणजे कथा दोन खोल्यांत बसविली पाहिजे, पात्रे चार-पाचांच्या वर जाता कामा नयेत आणि प्रसंग शक्य तितके संभाषणातच उरकले पाहिजेत, अशी एक समजूत आपल्या व्यवसायात इतकी रूढ होऊन बसली आहे की, तिची उलटतपासणी करण्याची तसदीही सहसा कोणी घेत नाही. 28 ऑगस्ट 1998 रोजी ब्रिटनमध्ये प्रदर्शित झालेला ‘लॉक, स्टॉक अँड टू स्मोकिंग बॅरल्स’ हा चित्रपट या समजुतीविरुद्ध उभा राहणारा एक सबळ साक्षीदार आहे. दिग्दर्शक गाय रिची यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट; निर्माते मॅथ्यू व्हॉन हेही त्या वेळी नवखेच; आणि खर्च सुमारे दहा लाख पौंड, म्हणजे विलायती चित्रपटधंद्याच्या मानाने किरकोळीतच जमा होणारा. असे असूनही त्यात टोळ्या पाच-सहा आहेत, नावानिशी ध्यानात राहणारी पात्रे दीड डझनाहून कमी नाहीत, आणि दरोड्यावर दरोडा व त्या दरोड्यावर पुन्हा दरोडा असा प्रकार आहे. एवढा पसारा तुटपुंज्या पैशात कसा सामावला, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या दृष्टीने त्या चित्रपटाच्या कीर्ती-अपकीर्तीहून अधिक जिव्हाळ्याचा असावयास हवा.

भांडवल उभे करतानाच रिचींना काटकसरीचे शिक्षण मिळाले होते. 1995 साली त्यांनी ‘द हार्ड केस’ हा लघुपट केला, तो ट्रुडी स्टायलर यांच्या पाहण्यात आला, त्यांनी पुढील चित्रपटाच्या कार्यकारी निर्मातीची जबाबदारी पत्करली, आणि त्यांचे पती, प्रख्यात गायक स्टिंग, नायकाच्या मद्यगृहमालक पित्याच्या छोट्याशा भूमिकेत उभे राहिले. इतर पात्रांसाठी जे चेहरे निवडले गेले त्यांतही हाच धोरणीपणा दिसतो. वसुली करणारा बिग ख्रिस म्हणून विनी जोन्स आले, ज्यांची दांडगाई इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या मैदानांवर आधीच सर्वश्रुत होती. रस्त्यावर माल विकणारा बेकन म्हणून जेसन स्टेथम आले, ज्यांनी खरोखरीच रस्त्यावर उभे राहून माल विकला होता. आणि बॅरी या हस्तकाच्या भूमिकेत लेनी मॅक्लीन आले, जे उघड्या मुठींच्या लढतींतील नामांकित मल्ल होते व चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सुमारे महिनाभर आधी निवर्तले. ज्या माणसाचा पूर्वेतिहास त्याच्या चेहऱ्यावरच लिहिलेला आहे, त्याची ओळख करून देण्यासाठी पटकथेला निराळा प्रसंग खर्ची घालावा लागत नाही. निवेदकाचा आवाज आणि पात्र दिसताच क्षणभर थिजणारी चित्रचौकट यांची योजनाही याच हिशेबाने झालेली आहे. तिला केवळ नखरा समजणाऱ्यांनी ती वगळून ही दीड डझन माणसे किती रिळांत प्रेक्षकांच्या परिचयाची करता आली असती, याचा अंदाज करून पाहावा.

परंतु खरी किमया पटकथेची आहे. चार मित्र आपापली पुंजी एकत्र करून एक लाख पौंड जमवितात आणि एडी हा त्यांतला पत्तेबाज तीन पत्त्यांच्या ब्रॅगला, म्हणजे आपल्याकडील तीनपत्तीच्या विलायती भाऊबंदाला, बसतो. डाव आधीच रचलेला. गुप्त कॅमेऱ्यातून त्याचे पत्ते पाहिले जात आहेत. आणि उठतो तेव्हा त्याच्या डोक्यावर हॅचेट हॅरी नामक गुंडाचे पाच लाख पौंड देणे चढलेले असते, मुदत एका आठवड्याची, आणि हॅरीचा डोळा त्याच्या बापाच्या मद्यगृहावर. पातळ भिंतीपलीकडचे शेजारी गांजाची लागवड करणाऱ्या काही सुखवस्तू तरुणांना लुटण्याचा बेत करीत असल्याचे या चौघांच्या कानी पडते, आणि लुटारूंनाच लुटावे असे ते ठरवितात. पुढे जे घडते त्यात माणसांपेक्षा ऐवजाचा प्रवास अधिक महत्त्वाचा आहे. दोन जुन्या, अत्यंत मौल्यवान बंदुका एका लॉर्डच्या वाड्यातून दोन अडाणी चोरांच्या हाती येतात; ते त्यांचे मोल न ओळखता त्या निक द ग्रीक या दलालास देऊन टाकतात; दलालाकडून त्या चार मित्रांकडे, मित्रांकडून शेजारच्या टोळीकडे, तेथून बिग ख्रिसकडे, त्याच्याकडून हॅरीकडे, आणि हॅरीचे प्रेत पडल्यावर पुन्हा मित्रांकडे येतात. गांजाही असाच फिरतो, आणि चौघे तो ज्या रोरी ब्रेकरला विकावयास निघतात, मूळचा मालक तोच निघतो. रोख रक्कम तिसऱ्याच वाटेने जाते.

पोलिसी पंचनाम्यात मुद्देमालाची जशी नोंद व्हावी, तशी या तीन ऐवजांची खतावणी मांडून पाहिली तर असे आढळते की प्रत्येक हस्तांतर हे एकाच वेळी मागील प्रसंगाचा परिणाम आणि पुढील प्रसंगाचे कारण आहे, आणि प्रत्येक हस्तांतराच्या वेळी प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते देणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला ठाऊक नाही. यातूनच विनोद निघतो, यातूनच भय निघते, आणि या दोहोंनाही पैसा लागत नाही. चौघांचा दरोडा तर शेजारच्याच बिऱ्हाडात दबा धरून बसण्याने साधतो. त्याला तिजोरी नको, पेढी नको, पाठलागासाठी बंद केलेले राजरस्ते नकोत. जेथे दृश्यवैभव विकत घेण्याची ऐपत नाही तेथे घटनांची गुंफण अधिक घट्ट करावी, आणि ती गुंफण कागदावरच पुरी व्हावी, कारण कागद हाच चित्रपटातील सर्वांत स्वस्त जिन्नस होय, हे तत्त्व येथे इतक्या स्वच्छपणे राबविले गेले आहे की नवोदित पटकथालेखकांनी ते पाठच करावे.

चित्रपटाचे स्वागत मात्र एकमुखाने झाले नाही. खर्चाच्या कितीतरी पट उत्पन्न त्याने मिळविले. कित्येक समीक्षकांनी मरगळलेल्या ब्रिटिश चित्रपटात त्याने चैतन्य आणले असे म्हटले. तर दुसऱ्या पक्षाने हे टॅरंटिनोच्या वळणाचे अनुकरण आहे, यातील हिंसा थट्टेवारी नेलेली आहे, आणि स्त्रियांना येथे जवळजवळ मज्जाव आहे, अशी फिर्याद गुदरली. 1999 सालच्या बाफ्टा पारितोषिकांत या दुफळीचे चित्रच उमटले: उत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटासाठी त्याचे नामांकन झाले, परंतु ते पारितोषिक ‘एलिझाबेथ’ला गेले, प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक मात्र ‘लॉक, स्टॉक’ने पटकाविले. ‘लोडेड’सारख्या नियतकालिकांनी त्या दशकात जी उनाड पुरुषी संस्कृती प्रतिष्ठित केली, तिचेच हे अपत्य आहे असेही म्हटले गेले, आणि स्टीव्ह चिब्नल यांच्यासारख्या अभ्यासकाने 1998 ते 2001 या काळातील गुंडपटांच्या लाटेची मीमांसा याच अंगाने केली आहे.

आमचा स्वतःचा अभिप्राय असा की, दोन्ही पक्ष खरे बोलत होते, आणि दोघेही एकाच गुणाविषयी बोलत होते. ज्या यंत्रात प्रत्येक पात्र ऐवज पुढे ढकलण्यासाठी आहे, त्या यंत्रात पात्राला थांबण्याची सवड नाही. आणि थांबण्याची सवड नसलेल्या माणसाच्या मृत्यूचे दुःखही कोणाला होत नाही. येथे एक तुलना सहजच सुचते. हॅचेट हॅरीची भूमिका करणारे पी. एच. मॉरियार्टी हे ‘द लाँग गुड फ्रायडे’ या जॉन मॅकेन्झी यांच्या चित्रपटात हॅरल्ड शँड या टोळीनायकाचा हस्तक रेझर्स झाले होते. त्याही चित्रपटाला पैशाचे दुर्भिक्ष होतेच, आणि जॉर्ज हॅरिसन यांच्या हँडमेड फिल्म्सने आधार दिला नसता तर तो मूळ स्वरूपात प्रेक्षकांपुढे येणेही कठीण होते. त्याच्या अखेरीस शँड मोटारीत अडकलेला आहे, समोर पिस्तूल रोखलेले आहे, आणि कॅमेरा शँडची भूमिका करणाऱ्या बॉब हॉस्किन्स यांच्या मुद्रेवरून हलत नाही: संताप, अविश्वास, उपहास आणि शेवटी आपला फैसला झाल्याची जाणीव, हे सारे एका शब्दाविना त्या मुद्रेवरून सरकत जाते. या दृश्याला खर्च तो काय आला असेल? मोटार, नट आणि थोडी फिल्म. रिचींच्या चित्रपटात असा एकही क्षण नाही, आणि त्याचा दोष भांडवलाच्या माथी मारता येणार नाही. बिग ख्रिस आणि त्याचा लहानगा मुलगा यांच्या प्रसंगांत तशी शक्यता डोकावून जाते. म्हणूनच की काय, चित्रपट विसरला तरी ती जोडी विसरत नाही.

शेवट मात्र कौतुकास्पद आहे. बंदुका हाच आता एकमेव पुरावा, म्हणून चौघांपैकी टॉमला त्या नदीत फेकण्यास धाडले जाते; इतक्यात बिग ख्रिस रक्कम काढून घेतलेली पिशवी आणून देतो, तीत असलेल्या सूचिपत्रातून त्या बंदुकांची किंमत कळते, आणि पुलाच्या कठड्यावर लोंबकळणाऱ्या टॉमचा फोन वाजू लागतो. चित्रपट तेथेच संपतो. 1969 सालच्या ‘द इटालियन जॉब’मध्ये सोन्याने भरलेली बस कड्यावर झुलत राहते, त्याच परंपरेतला हा शेवट, आणि मागे जावयाचे तर 1951 च्या ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’मध्ये चोरलेले सोने आयफेल मनोऱ्याच्या प्रतिकृतींच्या रूपाने हातोहात निसटते, तेव्हापासून ब्रिटिश दरोडेपटाला चोराच्या हातची लूट निसटताना पाहण्याची गोडी आहे.

अनुकरण करणाऱ्यांनी यातले काय उचलले, तर कोट, शिव्या, थिजलेल्या चौकटी आणि गाणी. लंडनमध्ये पुढील दोन-तीन वर्षांत अशा चित्रपटांची जी रीघ लागली, तीतील बहुतेकांचे नावही आज निघत नाही. आपल्याकडे 2006 साली आलेल्या ‘फिर हेरा फेरी’त याच कथेचा सांगाडा उघड दिसतो, पण दिग्दर्शक नीरज वोरा यांना एवढे श्रेय द्यावे लागेल की, त्यांनी तो सांगाडा बाबुराव गणपतराव आपट्यांच्या धोतरात बसविला, आणि त्या धोतराचा मालक परेश रावल यांच्यामुळे आधीच घराघरांत माहीत होता.

अल्प खर्चाच्या गुन्हेपटाची पटकथा ज्यांच्या मेजावर सध्या पडली आहे, त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, तीतील प्रत्येक ऐवज कोणाकडून कोणाकडे गेला याची खतावणी त्यांनी आधी मांडावी, आणि त्याच पानावर दुसरा रकाना आखून त्या प्रत्येक हस्तांतराने त्या त्या माणसाचे काय गेले तेही लिहावे. पहिला रकाना अडला तर चित्रीकरणाची तारीख पुढे ढकलावी, आणि दुसरा रिकामा राहिला तर पटकथा निर्मात्याच्या हाती देण्याची घाई करू नये.