उत्तर आलं, पण खरं कशावरून?

आपल्या होस्टेलमध्ये कोणालाही रात्री दोन वाजता उठवून दोन समीकरणं हातात द्या. तो क्ष आणि य काढून देईल आणि कूस बदलून परत झोपेल. दहावीपासून हातच बसलाय आपला. माझी तक्रार उत्तर काढण्याबद्दल नाही. उत्तर आलं की आपण लगेच पेन खाली ठेवतो, त्याबद्दल आहे.

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मला हा प्रकार 'सायमल्टेनियस इक्वेशन्स' म्हणूनच माहीत होता. 'एकसामयिक समीकरणे' हा शब्द फर्स्ट इयरला माझ्या लातूरच्या रूममेटने शिकवला. आधी हसू आलं, मग पटलं. दोन्ही अटी एकाच वेळी खऱ्या व्हायला हव्यात, हे त्या शब्दातच सांगून टाकलंय.

प्रकार तसा जुना. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्यात एक गणित आहे : ९ महाळुंगं आणि ७ कवठं मिळून १०७, तर ७ महाळुंगं आणि ९ कवठं मिळून १०१, एकेकाचा भाव सांगा. बेरीज केली की दोन्हींची बेरीज १३, वजाबाकी केली की फरक ३. महाळुंग ८, कवठ ५. झालं! अकराशे वर्षांनंतरही दहावीच्या पुस्तकात सहगुणकांची अशीच अदलाबदल करून गणितं येतात आणि उत्तर तसंच स्वच्छ येतं. येणारच, कारण गणित घालणाऱ्याने उत्तर आधी ठरवलेलं असतं.

मेसमध्ये मात्र कोणी आधी ठरवत नाही. समजा, साधं ताट कितीला पडतं आणि रविवारची फीस्ट कितीला, हे बिलांवरून काढायचंय. एका महिन्यात ५२ साधी ताटं आणि ४ फीस्ट, बिल २५६० रुपये. दुसऱ्या महिन्यात ५४ ताटं, ४ फीस्ट, बिल २६४०. वजाबाकी करा : दोन ताटांचे ८० रुपये, म्हणजे ताट ४० ला आणि फीस्ट १२० ला. छान. आता दुसऱ्या बिलात कुठेतरी फक्त चार रुपयांची गडबड आहे असं धरा, २६४० ऐवजी २६४४. ताट होतं ४२, आणि फीस्ट? १२० वरून थेट ९४! चार रुपयांपायी सव्वीस रुपये गेले. या ९४ वर मेस कमिटीत भांडण होऊ शकतं, आणि दोन्ही बाजूंची आकडेमोड बरोबर असेल.

दोष गणिताचा नाही. दोन्ही महिने जवळजवळ सारखेच होते, त्यामुळे दुसऱ्या समीकरणाने नवीन असं फारसं काही सांगितलंच नाही. आलेखावर या दोन रेषा इतक्या चिकटून जातात की नेमक्या कुठे छेदतात ते डोळ्यांना कळू नये. त्याऐवजी दिवाळीत घरी गेलो तो महिना घ्या : ३० ताटं, ४ फीस्ट, १६८०. इथेही चार रुपये चुकवून १६८४ करा. ताट ३९.८२, फीस्ट साधारण १२२. चूक तेवढीच, पण उत्तर जागचं फारसं हललं नाही. पहिल्या जोडीचा निश्चयक उणे ८, या जोडीचा ८८. म्हणजे क्रेमरच्या पद्धतीत ज्या 'डी'ने आपण डोळे मिटून भागतो, तोच डी ओरडून सांगत होता. तो शून्य आहे का एवढंच आपण बघतो, लहान आहे का हे कोण बघतं?

क्रेमरवर माझा राग नाही. जिनिव्हाच्या या गणितीने १७५० साली मांडलेली रीत दोन समीकरणांना झकास आहे, आणि पेपर तपासणाऱ्यांनाही सोयीची : डी, डीएक्स, डीवाय, चौकटी भरा, मार्क घ्या. पण वीस समीकरणं आली तर एकेक निश्चयक उलगडताना २४ वर सतरा शून्यं इतकी पदं होतात. एकेका चलाचा लोप करत गेलं तर तीन हजारांच्या आत गुणाकार पुरतात. ज्या रीतीला आपण 'शाळकरी' म्हणून नाक मुरडतो, तीच मोठ्या कामाला उपयोगी पडते.

काही सर म्हणतील, हे सगळं न्यूमेरिकल मेथड्समध्ये येतंच. येतं ना, पण तोपर्यंत सवय पक्की होते. लॅबमध्ये अ‍ॅमीटरचा काटा दोन रेघांच्या मध्ये थांबतो, आपण अंदाजे रीडिंग घेतो आणि त्यावरून काढलेला रेझिस्टन्स चार दशांशांपर्यंत लिहितो. मॅटलॅब बिचारं इशारा देतं की मॅट्रिक्स जवळजवळ सिंग्युलर आहे, आणि आपण इशाऱ्याच्या खालचं उत्तर तेवढं जर्नलमध्ये उतरवतो. वर सर सही पण करतात!

म्हणून माझी मागणी छोटी आहे. ट्युटोरियलमध्ये एक तरी प्रश्न असा द्या, ज्यात क्ष-य काढायचे नाहीतच. दोन बिलं द्यायची आणि विचारायचं, यांच्यावरून भाव सांगायला तुम्ही तयार आहात का, आणि नसाल तर तिसरं बिल कोणत्या महिन्याचं मागाल? आणि आपल्या मेस सेक्रेटरीने दिवाळीच्या महिन्याचं बिल रद्दीत घालू नये.