घरोघरी : सुवर्णमहोत्सव टेम्सवर करायचा आहे?



१९७०च्या दशकात लग्न करून या देशात संसार थाटलेल्या जोडप्यांच्या सुवर्णमहोत्सवांचे हे दिवस आहेत. हॉल, केटरर आणि दोनशे पाने हा बेत सर्वांच्या परिचयाचा. यंदा आमच्या घरी मात्र मुलांनी सुचवले, ‘आजी-आजोबांना टेम्सवर बोटीत जेवायला नेऊ या.’ त्या निमित्ताने आम्ही बरीच चौकशी केली. तीच येथे देत आहोत.

वडीलधाऱ्यांना विचारले की उत्तर ठरलेले : ‘तुम्हाला आवडेल ते.’ आणि मग ती माणसे हसतमुखाने तीन तास सोसतात. म्हणून ‘बोटीवर जाऊ का?’ एवढेच न विचारता पायऱ्या, आवाज, जेवण, वेळ असे एकेक विचारावे.

पहिला प्रश्न गुडघ्यांचा. लंडनमध्ये टेम्सला समुद्राची भरती-ओहोटी आहे. मोठ्या उधाणाला लंडन ब्रिजपाशी पाण्याच्या पातळीत सुमारे ७ मीटरचा फरक पडतो. धक्के तरंगते असल्यामुळे काठावरून धक्क्यावर नेणारा पूल भरतीला जवळजवळ सपाट, तर ओहोटीला चांगलाच उतरता असतो. येथे आपली दिनदर्शिका उपयोगी पडते! अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास लंडनला साधारणतः दुपारी भरती आणि रात्री ओहोटी येते. म्हणजे जेवून परतताना चढण. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी भरती असते, चालणे सोपे. लंडन बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून खात्री करावी आणि व्हीलचेअर लागणार असेल तर आधीच सांगावे.

दुसरा प्रश्न उजेडाचा. जाहिरातीत दिव्यांनी झगमगणारे पूल असतात. आपली लग्ने बहुधा मे महिन्यातली! मेच्या मध्यावर येथे सूर्यास्त पावणेनऊच्या सुमारास होतो, तर जूनअखेर सव्वानऊ उलटून जातात. साडेसातच्या बोटीतून निम्मा वेळ लख्ख उजेडच दिसणार. संसद, सेंट पॉल्स, १८९४ साली खुला झालेला टॉवर ब्रिज पाहायला तो उत्तमच. पण दिवेच हवे असतील तर सोहळा ऑक्टोबरमध्ये करायलाही हरकत नाही. २०१९ ते २०२१ या काळात मध्य लंडनच्या ९ पुलांवर नवी रोषणाई झाली आहे.

तिसरा प्रश्न कानांचा. बऱ्याच बोटींवर वाद्यवृंद असतो. श्रवणयंत्र लावणाऱ्याला त्या गोंगाटात शेजारच्या नातवाचे बोलणेही कळत नाही. वाद्यवृंदापासून दूरचे, खिडकीजवळचे टेबल मागावे किंवा दुपारच्या जेवणाची शांत फेरी निवडावी. शाकाहारी पाने किती, अंडे चालते की नाही, हेही आरक्षणाच्या वेळीच लिहून द्यावे.

शेवटचा प्रश्न भीतीचा. ऑगस्ट १९८९ मध्ये वाळू उपसणाऱ्या जहाजाची धडक बसून ‘मार्शनेस’ ही बोट टेम्समध्ये बुडाली, ५१ जीव गेले. आपल्या ज्येष्ठांना ती रात्र आठवते, म्हणून त्यांचे ‘नको’ हसण्यावारी नेऊ नये. त्या दुर्घटनेनंतर सुरक्षेची चौकशी झाली आणि २००२ पासून टेम्सवर जीवरक्षक नौकांची ठाणी आहेत, हे त्यांना जरूर सांगावे. त्यानंतरही मन घेत नसेल, तर काठावरच्या एखाद्या उपाहारगृहात खिडकीपाशी बसावे. नदी तीच, दिवे तेच.

औक्षण मात्र घरीच करून निघावे. बोटीवर निरांजन लावू देतील असे धरून चालू नये. श्रीखंड-पुरीही दुसऱ्या दिवशी घरीच.

पन्नास वर्षे ज्यांनी आपल्या आवडी बाजूला ठेवल्या, त्यांना एक संध्याकाळ तरी त्यांच्या मनासारखी मिळावी, एवढाच या सगळ्या चौकशीचा हेतू. आपले अनुभव पुढील अंकासाठी अवश्य लिहून पाठवा.

लोभ आहेच, तो वाढावा.